ढाळजेतला उजेड

दुकानात माणूस हातात आधार कार्ड धरून आला आणि त्याच्या डोक्यावरचे केस नुकते काढलेले असले, की काम काय ते विचारावं लागत नाही. तो कार्ड काउंटरवर ठेवतो, नखाएवढ्या फोटोवर बोट टेकवतो आणि म्हणतो, "दादा, एवढा मोठा करून द्या. परवा तेरावा हाय." मी विचारतो, दुसरा एखादा आहे का? लग्नातला, मोबाइलमधला? तो मोबाइल चाळायला लागतो. नातवाचे शेकडो फोटो निघतात, नव्या ट्रॅक्टरचे निघतात, पोळ्याला सजवलेल्या बैलांचे निघतात. वडिलांचा एखादा सापडतो, तोही पाठमोरा.

आधारचा फोटो म्हणजे वेबकॅमसमोर बसवून "हलू नका" म्हणून काढलेला. तो भिंतीवर लावण्याएवढा करायचा म्हणजे त्यात जे नाही ते घालायचं. भुवया मी अंदाजानं घालतो. कानापाशी अडतो. "भिकबाळी होती का हो?" मुलाला आठवत नाही. तो बाहेर मोटारसायकलवर बसलेल्या चुलत्याला विचारून येतो. होती, पण उजव्या कानात का डाव्या, यावर दोघांचं तिथंच रस्त्यावर बोलणं सुरू होतं.

चेहरा जमला की धडाचा प्रश्न. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांच्या कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर असतं. त्यात कोट असतात, सफारी असतात, फेटे, काठपदराच्या साड्या, सगळं मानेपासून खाली. जन्मभर धोतर-बंडीवर राहिलेल्या माणसाला पोरं सफारी घालायला सांगतात. जिला पैठणी कधी नेसायला मिळाली नाही, ती पैठणी नेसून भिंतीवर चढते. पूर्वी मी वाद घालायचो. आता एवढंच विचारतो, "त्या असं नेसायच्या का?" बऱ्याचदा सोबत आलेली सून मधेच म्हणते, "नाय वो, आत्याबाई हिरवं लुगडं नेसायच्या." मग मी हिरवं लुगडं शोधायला लागतो. ते फोल्डरमध्ये नसतं.

निलंग्याकडचे दोघे भाऊ आले होते, साठीच्या आसपासचे. आई नुकतीच गेलेली, वडील हे दोघे लहान असतानाच गेलेले. वडिलांचा एकच फोटो, तिशीतला, टोपी तिरपी, बहुधा कुठल्या तरी जत्रेत रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेला. आईचा फोटो सत्तरीनंतरचा. त्यांना जोडीचा फोटो पाहिजे होता. मी दोघांना शेजारी बसवलं. थोरला स्क्रीनकडं बघून म्हणाला, "ही तर त्यांची माय दिसायलीय." मग बापाला म्हातारं करता येईल का, असं विचारलं. हल्ली ते अवघड राहिलेलं नाही. सांगितलं की सॉफ्टवेअर केस पिकवतं, गाल बसवतं. केलं. दोघे बघत बसले. धाकटा म्हणाला, "ह्या माणसाला आपण कधी पाहिलंच नाही की रे." शेवटी त्यांनी दोन वेगळ्या फ्रेमा नेल्या. आईचा तिशीतला एखादा फोटो असता तर एवढं सगळं करावं लागलं नसतं. तो कुणी काढलाच नव्हता.

मी मुळात लग्नाचा फोटोग्राफर. बोलणी करायला येणारी पोरं विचारतात, तुमची स्टाइल कोणती? कँडिड का ट्रॅडिशनल? सिनेमॅटिक करता का? मी तिन्ही करतो, पोट त्यावर आहे. पण खरं सांगायचं तर मी प्रत्येक लग्नात भिंतीवरच्या फोटोची बेगमी करत फिरत असतो. मांडवात बसलेल्या सत्तरीपुढच्या माणसांना एकेकाला बाजूला घ्यायचं आणि त्यांचा एक सरळ, स्वच्छ, डोळे उघडे असलेला फोटो काढायचा. त्याचे पैसे पॅकेजमध्ये नसतात. ही सवय माझी स्वतःची नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मास्तरांकडून आलेली आहे.

मास्तरांचा स्टुडिओ लातूरला गंजगोलाईच्या एका गल्लीत होता. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि बाजाराच्या दिवशी त्या सोळाही रस्त्यांनी येणारी माणसं कधी ना कधी आमच्या दारावरून जायची. मी शाळा सुटल्यावर तिथं पाणी भरायला राहिलो. पाणी भरायला हे शब्दशः. ब्लॅक अँड व्हाइटचं काम पाण्यावर चालतं. कागद आधी चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत, मग पुन्हा पाण्यात, आणि हे शेवटचं पाणी वाहतं लागतं, जाड फायबरच्या कागदाला तासभर तरी. हायपो कागदात राहिला की काही वर्षांनी त्यातलं गंधक फोटोतल्या चांदीला लागतं आणि फोटो आधी पिवळा, मग विटकरी होत जातो. लातूरला नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. वाहतं पाणी कुठून आणायचं? मास्तर तीन बादल्या लावायचे, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत कागद फिरवायचे, आणि तिसरीचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिलीत जायचं. १९७२ च्या दुष्काळात तेवढंही मिळायचं नाही, असं सांगायचे. आजही जुना फोटो दुरुस्तीला आला की मी आधी त्याचा रंग बघतो. फार पिवळा पडलेला असेल तर मागं तारीख असो वा नसो, तो कुठल्या तरी कोरड्या वर्षी धुतलेला असणार असं मी धरून चालतो. बहुतेक वेळा घरची माणसंही तेच साल सांगतात.

बोअरच्या पाण्याचं आणखी एक. त्यातले क्षार निगेटिव्ह वाळताना थेंबाच्या आकाराचे डाग सोडतात. ते डाग नवरीच्या गालावर आले की मास्तर टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरच टिंबटिंब करून ते बुजवायचे. त्यांच्या हातात हे कसब होतं. माझ्या हातात ते आलं नाही. येईपर्यंत कॉम्प्युटर आला.

कॅमेरा आमच्या भागात तसा लवकर आला. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला आणि पुढची कैक वर्षं त्याच मुलखात राहिला. त्यानं रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, पण तोवर तो फोटोही काढायला लागला होता आणि त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये निघालेली होती. पुढं राजा दीनदयाल आले. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर, 'मुसव्वर जंग' असा किताब मिळालेले. त्यांनी राजवाडे काढले, शिकारी काढल्या, आणि १९०० च्या आगेमागे औरंगाबाद भागातल्या दुष्काळी कामांचेही फोटो काढले. निजाम सरकारनं काय काय केलं ते दाखवण्यासाठी. उजेड, मांडणी, नजर, सगळ्यात माणूस उस्तादच. मला आपलं राहून राहून वाटतं, त्या फोटोतल्या एखाद्या तरी बाईच्या घरी त्याची प्रत गेली असेल का? गेली असेल असं वाटत नाही.

ही रीत काही फारशी बदललेली नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या महिन्यात देशभरातले कॅमेरे आमच्या गल्लीबोळांतून फिरत होते. घागर रिकामी असेल तोवर बाई फोटोत, घागर भरली की फोटोच्या बाहेर. कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडं बघणारा शेतकरी तर इतक्यांनी काढलाय की आता शेतात कॅमेरा दिसला की काही जण आपण होऊन हात वर करतात. बातमीला ते लागतं, मला मान्य आहे. त्यातले काही फोटो फार चांगले होते. पण मराठवाड्यातल्या माणसाचा चेहरा म्हणजे दुष्काळाचा पुरावा, एवढ्यापुरताच तो काढायचा, याचा मला कंटाळा आलाय.

मास्तरांच्या सवयीचं सांगायचं राहिलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेली ती घरं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे १० हजार माणसं गेली. पुढच्या काही दिवसांत तिथंही कॅमेरे पोचलेच. मास्तर गेले नाहीत. मला जायचं होतं, त्यांनी जाऊ दिलं नाही.

मग लोक स्टुडिओत यायला लागले. भिंती गेल्या तसे भिंतींवरचे फोटोही गेले होते, ट्रंकेतले अल्बम गेले होते. "फलाण्या साली आमच्या ताईच्या लग्नाला तुम्हीच होता, त्याची काच हाय का?" निगेटिव्हला जुनी माणसं काच म्हणायची, काचेच्या प्लेटांपासूनची सवय. मास्तर एकही निगेटिव्ह फेकत नसत. तपकिरी लिफाफे, त्यावर तारीख, गाव आणि कुणाच्या घरचं लग्न ते. लिफाफा सापडायचा. पण लग्नाचे फोटो म्हणजे कोण असतं त्यात? नवरा-नवरी, आहेर देणारे, पुढारी. आणि हा माणूस शोधत असायचा त्याच्या आईला. ती पंगतीत वाढताना कडेला अर्धी आलेली असायची. कुठं विहिणीच्या मागं नुसता पदर आणि नाक. त्या काळी बारा फोटोंचा एक रोल यायचा, लग्नाला दोन-तीन रोल म्हणजे चैन. म्हाताऱ्या बाईवर वेगळा फोटो कोण घालवणार? आम्ही एनलार्जर छताला टेकेपर्यंत वर नेऊन त्या कोपऱ्यातलं नाक मोठं करायचो. दाणे सुटायचे, चेहरा विरघळून जायचा. लोक तेही घेऊन जायचे आणि पैसे द्यायला खिशात हात घालायचे. मास्तर घेत नसत.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या लग्नाला निघताना त्यांनी पिशवीत एक रोल जास्तीचा टाकला. "हा घरातल्या म्हाताऱ्यांचा. पैसे मागायचे नाहीत." त्यावर अधिक काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

आता काम कसं करतो ते सांगतो, कारण या भागात उजेड हा मोठा अडचणीचा विषय आहे. आमच्याकडची लग्नं उन्हाळ्यात. बीडकडं तर साखर कारखान्यांचं गाळप संपून ऊसतोडीची माणसं गावी परतल्यावरच तारखा धरतात. मे महिना, पारा ४२-४३ वर, मुहूर्त दुपारी साडेबाराच्या आगेमागे, आणि वर कापडाचा मांडव. कापड गुलाबी असलं की सगळं वऱ्हाड रंगपंचमी खेळून आल्यागत दिसतं. त्यावर कॅमेऱ्यात उजेडाचा रंग सुधारणारा व्हाइट बॅलन्स असतो, पण तो एका रंगाच्या उजेडाला पुरतो. इथं डोक्यावरून गुलाबी आणि बाजूच्या उघड्या रानातून पांढरा, असे दोन उजेड एकाच तोंडावर पडतात. एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. लिंबाखाली न्यावं तर पानांतून कवडसे, एक नेमका डोळ्यावर.

म्हणून मी ढाळज शोधतो. जुन्या घराच्या मोठ्या दारातून आत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना बसायचे ओटे असतात, ती जागा. दार उत्तरेला किंवा पूर्वेला असेल तर दुपारी तिथं ऊन शिरत नाही, नुसता उजेड शिरतो, तोही एकाच बाजूनं. समोरची चुन्याची भिंत त्यातला थोडा परत देते. मागं आतल्या घराचा अंधार. स्टुडिओत हा उजेड उभा करायला दोन दिवे, एक छत्री आणि एक थर्माकोल लागतो. माणसाला ओट्यावर बसवायचं, तोंड अर्धं दाराकडं. ८५ ची लेन्स, अॅपर्चर २.८. नव्या स्लॅबच्या घरांना ढाळज नसते. तिथं पत्र्याच्या शेडचं दार किंवा ट्रॉलीची सावली, जे मिळेल ते.

पांढऱ्या कपड्यांचं गणित वेगळं. टोपी पांढरी, धोतर पांढरं, मधे उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेऱ्याचं मीटर एवढ्या पांढऱ्याला बिचकतं आणि उजेड कमी करतं, चेहरा काळाठिक्कर. चेहऱ्यासाठी वाढवला तर टोपी जळते. जळते म्हणजे कापडाची वीण, घडी, शिवण, सगळं जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. मी टोपी वाचवतो आणि चेहरा नंतर हळूच वर काढतो. टोपीची घडी दिसलीच पाहिजे. घरच्यांना ती आठवत असते.

सगळ्यात जास्त वेळ माणूस मोकळा होण्यात जातो. कॅमेरा समोर आला की आमच्याकडची जुनी माणसं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सावधानमध्ये बसतात. त्यांना "स्माईल" म्हणण्यात अर्थ नाही. मी बैलांचं विचारतो. "तात्या, पहिली जोडी कोणती हो तुमची?" पंचवीस-तीस वर्षांमागं विकलेल्या बैलांची नावं माणसाच्या तोंडात लगेच येतात, आणि नाव घेताना चेहरा जो होतो तो मला पाहिजे असतो. बायकांना हे चालत नाही. त्यांना त्यांच्या माहेरच्या गावाचं विचारावं. काही जणी मात्र पक्क्या असतात. रेणापूरकडच्या एका लग्नात एक आजी ओट्यावरून उठूनच गेल्या. "मला हार घालायची एवढी घाई झाली का तुमाला?" मी म्हटलं, आजी, तुमच्या नातसुनेला दाखवायला काढायलोय. त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, येऊन बघ." तासाभरानं, जेवण झाल्यावर, आपण होऊन आल्या. डोईवरचा पदर सारखा केलेला, कपाळावर ताजं कुंकू. "काढ. पण दात दिसू देऊ नको, दोनच हायेत."

बाकीचं काम सगळ्यांसारखंच. लातूर हे शिकवण्यांचं शहर, त्यामुळं दुकानाचं रोजचं भाडं नीट परीक्षेची पोरं भरतात. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा ऐंशी टक्के, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, पासपोर्ट आकाराचा वेगळा आणि चार बाय सहाचा वेगळा. कानांवरून केस मागं घ्या म्हटलं की मुली वैतागतात. प्री-वेडिंगला नळदुर्गचा किल्ला फार मागतात. चांगला पाऊस होऊन नर-मादीचे धबधबे सुरू झाले की तिथं जोडप्यांची रांगच लागते. दौलताबादला, बीबीच्या मकबऱ्याला ट्रायपॉड उघडला की रखवालदार येतो, परवानगी आधी काढलेली बरी. प्री-वेडिंगला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. माझी ८५ ची लेन्स त्याच पैशांतून आली. ड्रोन आहे, भाच्याकडं दिलाय. वरून मांडव छान दिसतो, माणसं दिसत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र खटके उडतात. "जरा उजळ करा." नवरा-नवरीच्या बाबतीत मी फार ताणत नाही, अल्बम त्यांचा, पैसे त्यांचे. पण परवा एकानं आजोबांच्या फोटोलाही तेच सांगितलं. नव्वदीच्या घरातला माणूस, जन्म काळ्या रानात गेलेला, गळ्याखाली बंडीच्या आकारानं रंग बदललेला. तो रंग बदललेला पट्टा म्हणजे त्यांची सगळी उन्हं. मी म्हटलं, उजळ पाहिजे तर दुसरीकडून करून घ्या. तो गेला, आणि संध्याकाळी त्याच्या बहिणीचा फोन आला की आहे तसाच द्या.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे लिफाफे माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आहेत. मास्तर निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं जुन्या लिफाफ्यांवर गावांची नावं उर्दूत आहेत. मला ती वाचता येत नाहीत. ओळखीचे एक निवृत्त शिक्षक रविवारी येऊन वाचून देतात, मी मराठीत लिहून घेतो. पोटमाळ्यावर ओल आली होती, काही रोल एकमेकांना चिकटलेत, ते पाण्यात भिजवून सोडवावे लागतात. भिजवायला बोअरचं पाणी वापरत नाही, विकतचं डिस्टिल्ड आणतो.

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव या बाजूचे लिफाफे आधी स्कॅनला घेतलेत. १९९३ च्या आधी त्या गावांत तुमच्या घरी लग्न झालं असेल आणि फोटोवाला लातूरहून आला होता असं घरात कुणाला आठवत असेल, तर वधूच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे साल तेवढं कळवा. तारीख नसली तरी चालेल, ते लग्न दुष्काळाच्या वर्षी झालं होतं का एवढं सांगितलं तरी शोध सोपा होतो. दुकान गुरुवारी बंद असतं.